संपीडित दप्तरे, संगणकीय

अनेक फाइली एकत्र बांधून आणि त्यांतील माहितीची पुनरुक्ती काढून टाकून तयार केलेल्या एकसंध फाइलीस संपीडित दप्तर म्हणतात. अशा दप्तरातील फाइली मूळ स्वरूपात परत मिळविण्याच्या क्रियेला दप्तर सोडणे किंवा विमोचन ही संज्ञा वापरता येईल. एखादे दप्तर सोडणे ही सामान्य बाब आहे; परंतु एकाच आज्ञेने अनेक दप्तरे सोडू पाहिल्यास परिणाम पुष्कळदा अनपेक्षित होतो. त्याचे कारण यंत्राच्या दोषात नसून आज्ञा स्वीकारणाऱ्या प्रणालींच्या इतिहासात सापडते.

बांधणी आणि संपीडन : या दोन क्रिया तत्त्वतः भिन्न आहेत. पेशवे दप्तरातील मोडी कागद ज्या कापडी बासनांत बांधून ठेवले जात त्यांना रुमाल म्हणतात. रुमालात कागद एकत्र येतात, पण त्यांचे आकारमान घटत नाही. याउलट खानदेशातील जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांत सैल रुई दाबून तिच्या गासड्या केल्या जातात. तेथे वस्तू तीच राहते, मात्र तिने व्यापलेली जागा घटते आणि गिरणीत गासडी फोडल्यावर रुई पुन्हा मोकळी होते. संगणकातही बांधणी हे रुमालाचे आणि संपीडन हे गासडीचे काम होय. काही पद्धतींत ही दोन्ही कामे एकच आज्ञावली करते, तर काहींत दोन स्वतंत्र आज्ञावल्यांकडे ती सोपविलेली असतात. अनेक दप्तरे एकदम सोडताना हा भेद महत्त्वाचा ठरतो. रुमाल सोडल्याशिवाय त्यातील कागद वाचता येत नाहीत. पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ भाग रियासतकार गो. स. सरदेसाई (१८६५–१९५९) यांच्या संपादकत्वाखाली १९३०–३४ या काळात प्रसिद्ध झाले, त्यामागेही हजारो रुमाल सोडून तपासण्याचे आणि पुन्हा जागच्या जागी बांधून ठेवण्याचे परिश्रम होते. कोणता कागद कोणत्या रुमालातून निघाला ही नोंद हरवली, तर कागद हाती राहूनही त्याची साक्ष दुबळी होते. संगणकीय दप्तरांनाही हे तत्त्व पुरेपूर लागू पडते.

सैद्धांतिक पाया : अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन (१९१६–२००१) यांनी १९४८ मध्ये संदेशवहनाचा गणितीय सिद्धांत मांडला आणि कोणत्याही संदेशातील माहितीचे मोजमाप कसे करावे हे दाखवून दिले. हानी न होता संदेश किती लहान करता येईल याची मर्यादाही या सिद्धांताने निश्चित झाली. डेव्हिड हफमन (१९२५–९९) यांनी १९५२ मध्ये वारंवार येणाऱ्या चिन्हांना आखूड व क्वचित येणाऱ्या चिन्हांना लांब संकेत देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. इझ्राएलमधील जेकब झिव्ह (१९३१–२०२३) व अब्राहम लेंपेल (१९३६–२०२३) यांनी १९७७ आणि १९७८ मध्ये दोन निबंध लिहिले. मजकुराचा एखादा तुकडा पूर्वी येऊन गेला असेल, तर तो पुन्हा न लिहिता ‘इतक्या अक्षरांमागे जा व इतकी अक्षरे घे’ एवढीच खूण ठेवावी, ही १९७७ च्या पद्धतीची मध्यवर्ती कल्पना होय. आज प्रचलित असलेल्या बहुतेक संपीडन पद्धती या दोन निबंधांच्या वंशातील आहेत.

यूनिक्स परंपरा : अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून यूनिक्स ही संगणक-प्रणाली विकसित होत गेली. तिच्या जानेवारी १९७९ मधील सातव्या आवृत्तीत ‘टार’ ही आज्ञावली समाविष्ट झाली. ‘टेप आर्काइव्ह’ म्हणजे चुंबकीय फितीवरील दप्तर, या शब्दांवरून तिचे नाव पडले. फितीची रचना क्रमवार असल्यामुळे टारची रचनाही क्रमवार झाली. ५१२ बाइटांच्या ठोकळ्यांत प्रथम फाइलीची माहिती व नंतर तिचा मजकूर, याप्रमाणे एकामागून एक फाइली तीत मांडल्या जातात. दप्तराच्या शेवटी शून्यांनी भरलेले दोन ठोकळे असतात. टार केवळ बांधणी करते. संपीडनासाठी प्रथम ‘काँप्रेस’ व पुढे ‘जीझिप’ या स्वतंत्र आज्ञावल्या वापरात आल्या. एका आज्ञावलीने एकच काम नीट करावे आणि मोठे काम अशा आज्ञावल्या एकमेकींस जोडून साधावे, या यूनिक्सच्या धोरणाशी ही विभागणी सुसंगत होती.

याच प्रणालीत फाइलींच्या नावांऐवजी तारकाचिन्ह वापरण्याची सोय प्रारंभापासून होती. ‘कोणतीही अक्षरे’ असा या चिन्हाचा अर्थ आहे. १९७१ मधील पहिल्या आवृत्तीत तारकेचा विस्तार करण्याचे काम ‘ग्लॉब’ नावाची वेगळी आज्ञावली करी. सातव्या आवृत्तीतील बोर्न शेलमध्ये हे काम शेलमध्येच सामावले गेले. शेल म्हणजे वापरणाऱ्याने टंकलिखित केलेली आज्ञा वाचून ती योग्य त्या आज्ञावलीकडे सोपविणारा मध्यस्थ. यूनिक्समध्ये तारकेच्या जागी जुळणाऱ्या सर्व फाइलींची नावे हा मध्यस्थच भरतो. मूळ आज्ञेत तारका होती याचा मागमूसही आज्ञावलीला लागत नाही. तिच्या हाती केवळ नावांची यादी पडते. यामुळे प्रत्येक आज्ञावलीत विस्ताराची तरतूद करण्याची गरज उरली नाही आणि सर्वत्र एकच नियम लागू झाला. मात्र यादीतील पहिल्या नावाचा अर्थ एक आणि उरलेल्यांचा दुसरा, असे मानणाऱ्या आज्ञावल्यांच्या बाबतीत या सोयीतूनच अडचण उद्भवली.

वैयक्तिक संगणकांची परंपरा : सीपी-एम या प्रणालीत आणि तिच्या धर्तीवर १९८१ मध्ये आलेल्या एमएस-डॉसमध्ये उलट संकेत रूढ झाला. तेथे मध्यस्थ तारकेला हात लावीत नाही. ती जशीच्या तशी आज्ञावलीकडे जाते व तिचा अर्थ लावण्याची जबाबदारी आज्ञावलीवर पडते. या संगणकांवर फाइली लवचिक चकत्यांवरून आणि दूरध्वनीच्या तारांवरून पाठविल्या जात. तारेचा प्रत्येक मिनिट खर्चाचा असल्याने बांधणी व संपीडन एकत्र करणाऱ्या आज्ञावल्यांना मोठी मागणी आली. १९८५ मध्ये टॉम हेंडरसन यांच्या सिस्टिम एन्हान्समेंट असोसिएट्स या संस्थेने ‘आर्क’ ही आज्ञावली प्रसारित केली. फिल कॅट्झ (१९६२–२०००) यांनी तिच्याशी सुसंगत पण अधिक वेगवान अशी ‘पीकेआर्क’ तयार केली. त्यावरून १९८८ मध्ये लेखाधिकार व व्यापारचिन्ह यांच्या भंगाबद्दल दावा दाखल होऊन तो त्याच वर्षी तडजोडीने मिटला. त्यानंतर कॅट्झ यांनी १९८९ मध्ये ‘झिप’ हे नवे स्वरूप आणले आणि त्याचे तपशीलवार वर्णन सर्वांसाठी खुले केले. झिपच्या सार्वत्रिक प्रसारास हे खुलेपण मोठ्या प्रमाणात कारणीभूत ठरले.

झिपमध्ये प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे संपीडित होते व दप्तराच्या अखेरीस सर्व फाइलींची सूची असते. त्यामुळे हवी ती एकच फाइल थेट काढून घेता येते. टार व जीझिप यांच्या जोडीत संपूर्ण रुमालाचीच गासडी केलेली असते. समान मजकुराच्या अनेक लहान फाइली असल्यास तीत आकार अधिक घटतो, पण शेवटची फाइल मिळविण्यासाठी दप्तर प्रारंभापासून उलगडत जावे लागते.

एकस्वाचा प्रश्न : १९७८ च्या पद्धतीत टेरी वेल्च (१९३९–८८) यांनी सुधारणा करून ती १९८४ मध्ये प्रसिद्ध केली. काँप्रेस ही आज्ञावली याच सुधारित पद्धतीवर आधारलेली होती. तथापि वेल्च यांच्या पद्धतीसाठी स्पेरी कंपनीने १९८३ मध्ये एकस्वाचा अर्ज केला होता व १९८५ मध्ये तो मंजूर झाला. पुढे हे एकस्व यूनिसिस या कंपनीकडे आले. दैनंदिन वापरातील दप्तरे सोडण्याचा अधिकारच उद्या शुल्काधीन होईल, अशी शंका त्यामुळे निर्माण झाली. झ्याँ-लू गेली व मार्क ॲडलर यांनी एकस्वमुक्त पद्धतीवर जीझिप ही आज्ञावली रचून ऑक्टोबर १९९२ मध्ये ती विनामूल्य प्रसारित केली. झिपमधील ‘डिफ्लेट’ ही पद्धत जीझिपनेही स्वीकारली. झिव्ह-लेंपेल यांची १९७७ ची कल्पना आणि हफमन यांचे संकेत यांचा मेळ या पद्धतीत घातलेला आहे. मे १९९६ मध्ये तिचे प्रमाण वर्णन इंटरनेटच्या तांत्रिक लेखमालेत प्रसिद्ध झाले. वेल्च पद्धतीचे अमेरिकेतील एकस्व जून २००३ मध्ये संपुष्टात आले. पुढील काळात ज्यूलियन सीवर्ड यांची ‘बीझिप २’ (१९९६), इगोर पाव्हलॉव्ह यांची ‘७-झिप’ (१९९९), तिच्याच संपीडन पद्धतीवर आधारलेली ‘एक्सझेड’ (२००९) व याँ कॉले यांची ‘झेडस्टँडर्ड’ (२०१६) या आज्ञावल्यांची भर पडली.

दोन परंपरांचा संगम : झिप दप्तरे यूनिक्सवर सोडता यावीत म्हणून १९९० मध्ये ‘इन्फो-झिप’ हा स्वयंसेवकांचा गट स्थापन झाला. त्याने तयार केलेली ‘अनझिप’ ही आज्ञावली दोन्ही परंपरांच्या सीमेवर उभी आहे. नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्याचे उदाहरण घेता येईल. तेथील चार गावांच्या नोंदी प्रकाशा, म्हसावद, शहादा व सारंगखेडा या नावांच्या चार झिप दप्तरांत असून ती एकाच निर्देशिकेत ठेवली आहेत असे मानू. ‘अनझिप’ या शब्दापुढे तारका व ‘.झिप’ हे प्रत्यय लिहून आज्ञा दिल्यास शेल तारकेच्या जागी चारही नावे क्रमाने भरतो. अनझिपच्या संकेतानुसार पहिले नाव दप्तराचे आणि पुढील नावे त्या दप्तरातून काढावयाच्या फाइलींची असतात. साहजिकच प्रकाशाचे दप्तर उघडले जाते, त्यात म्हसावद, शहादा व सारंगखेडा या नावांच्या फाइली शोधल्या जातात आणि त्या न सापडल्याने तशी सूचना देऊन काम थांबते. एकही फाइल बाहेर येत नाही.

यावर दोन उपाय आहेत. तारकेसह संपूर्ण नाव अवतरणचिन्हांत ठेवले असता शेल तिचा विस्तार करीत नाही. ती अनझिपकडे पोहोचते व अनझिप स्वतः तिचा अर्थ लावून चारही दप्तरे एकामागून एक सोडते. ही सोय म्हणजे डॉस परंपरेने यूनिक्सला दिलेला वारसा होय. दुसरा उपाय शुद्ध यूनिक्स पद्धतीचा आहे. त्यात शेलच्या आवर्तन-रचनेने ‘प्रत्येक दप्तरासाठी ही आज्ञा एकदा दे’ असे सांगितले जाते. टारमध्ये तारकेचा अर्थ लावण्याची अशी अंतर्गत सोय दप्तरांच्या नावांसाठी नसल्यामुळे तेथे आवर्तन हाच मार्ग उरतो. जीझिपची गोष्ट निराळी आहे. तिला दिलेले प्रत्येक नाव सारख्याच दर्जाचे असते. म्हणून तारका सरळ वापरली तरी सर्व फाइली उलगडतात. मात्र उलगडल्यानंतर मूळ संपीडित फाइल ती काढून टाकते. मूळ फाइल राखून ठेवण्याचा पर्याय तीत २०१३ मध्ये आला.

दप्तरांची संख्या फार मोठी असल्यास आणखी एक मर्यादा आड येते. आज्ञेबरोबर जाणाऱ्या नावांच्या यादीची एकूण लांबी प्रणालीने सीमित केलेली असते व ती ओलांडल्यास आज्ञा नाकारली जाते. अशा वेळी ‘फाइंड’ या आज्ञावलीने नावे शोधून ती ‘एक्सआर्ग्स’ या आज्ञावलीकडे सोपवितात व ती मर्यादेत बसतील असे नावांचे गट पाडून मूळ आज्ञा पुनःपुन्हा चालविते. अनझिप किंवा टारच्या बाबतीत प्रत्येक गटात एकच नाव ठेवावे लागते. नावांत मोकळी जागा असल्यास एका नावाची दोन नावे होण्याचा धोका असतो. म्हणून नावे एकमेकांपासून वेगळी करण्यासाठी शून्य-अक्षर वापरणे श्रेयस्कर, कारण यूनिक्समध्ये फाइलीच्या नावात ते कधीही येऊ शकत नाही.

समांतर विमोचन : एका जीझिप दप्तराचे विमोचन अनेक प्रक्रियकांत विभागणे अवघड असते. त्यातील प्रत्येक खूण आधीच्या ३२ किलोबाइट मजकुराकडे निर्देश करीत असल्याने पूर्वभाग उलगडल्याशिवाय उत्तरभाग उलगडत नाही. परंतु दोन स्वतंत्र दप्तरे परस्परांवर अवलंबून नसतात. त्यामुळे बहुप्रक्रियकी संगणकाचा लाभ घेण्याची स्वाभाविक जागा दप्तरांच्या पातळीवर आहे. एक्सआर्ग्सच्या काही आवृत्त्यांत आणि ओले टांगे यांच्या ‘पॅरलल’ या आज्ञावलीत एकाच वेळी किती कामे चालवावीत ही संख्या सांगता येते. तथापि लेखनाचा वेग चकतीच्या क्षमतेवर अवलंबून असल्याने कामांची संख्या वाढविल्याने वेग सतत वाढत जात नाही.

धोके व दक्षता : अनेक दप्तरे एकाच ठिकाणी सोडताना सर्वांत मोठा धोका समान नावांचा असतो. वरील उदाहरणात चारही दप्तरांत ‘सूची’ नावाची फाइल असेल, तर अनझिप आधीच्या फाइलीवर लिहावे काय असे विचारते. टार मात्र न विचारता जुन्या फाइलीच्या जागी नवी ठेवते. अखेरीस सारंगखेड्याची सूची तेवढी शिल्लक राहते व इतर तीन गावांच्या सूची कोणतीही सूचना न मिळता नाहीशा होतात. म्हणून प्रत्येक दप्तरासाठी त्याच्याच नावाची वेगळी निर्देशिका करून त्यात ते सोडावे, हा नियम पाळला जातो. याहून गंभीर चूक बांधणीच्या वेळी घडू शकते. टारला नव्या दप्तराचे नाव न देता केवळ तारका दिली, तर विस्तारित यादीतील पहिली फाइल हीच दप्तराचे नाव समजली जाऊन तिच्यातील मूळ मजकूर नष्ट होतो.

दप्तर सोडण्यापूर्वी त्यातील यादी पाहणे आणि त्याची अखंडता तपासणे या दोन्ही गोष्टी आज्ञेने करता येतात. झिप व जीझिप या दोन्हींत मजकुरावरून गणिताने काढलेला ३२ बिटांचा तपासणी-अंक साठविलेला असतो. उलगडलेल्या मजकुराचा अंक त्याच्याशी जुळला नाही, तर दप्तर बिघडले आहे असे समजते. आवर्तनात एखादे दप्तर बिघडलेले निघाले तरी पुढील दप्तरांचे काम चालूच राहते. म्हणून प्रत्येक आज्ञेने परत दिलेला यशापयशाचा संकेत नोंदवून ठेवणे आवश्यक असते.

काही दप्तरे हेतुतः अपायकारक रचलेली असतात. ४२ किलोबाइटांचे एक प्रसिद्ध झिप दप्तर थरांमागून थर पूर्णपणे उलगडल्यास सुमारे ४.५ पेटाबाइट इतके फुगते. फाइलीच्या नावातच वरच्या निर्देशिकेकडे जाणारा मार्ग घालून भलत्याच जागी फाइल लिहिण्याची युक्तीही जुनी असून अनेक आज्ञावल्यांत हा दोष असल्याचे २०१८ मध्ये निदर्शनास आले. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या तंत्रज्ञांना दूरस्थ प्रवेशास किंचित विलंब होत असल्याचे जाणवले. त्याचा शोध घेता एक्सझेडच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट पेरलेली आढळली. तिचा एक भाग चाचणीसाठी ठेवलेल्या संपीडित फाइलींत दडविलेला होता. जगभर वापरली जाणारी ही आज्ञावली प्रायः एकाच स्वयंसेवकाच्या श्रमांवर चाललेली होती, ही बाब या घटनेमुळे सर्वांसमोर आली.

देवनागरी आणि दप्तरे : भारतीय लिप्यांसाठी भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये ‘इस्की’ ही संकेतप्रणाली प्रमाणित केली. तीत प्रत्येक वर्णचिन्हास एक बाइट लागे. यूनिकोडच्या यूटीएफ-८ या रूपात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. ‘शहादा’ या शब्दात श, ह, काना, द व काना अशी पाच चिन्हे असल्याने तो इस्कीत ५ व यूटीएफ-८ मध्ये १५ बाइट व्यापतो. हा वाढावा संपीडनात पुष्कळसा भरून निघतो. देवनागरीच्या सर्व चिन्हांचा पहिला बाइट समान असून दुसऱ्याचे केवळ दोनच पर्याय असल्याने ही पुनरुक्ती संपीडकाला सहज काढून टाकता येते.

फाइलींच्या नावांचा प्रश्न मात्र दीर्घकाळ अवघड राहिला. टारच्या मूळ रचनेत नावासाठी १०० बाइट राखून ठेवलेले होते. रोमन लिपीत त्यात शंभर अक्षरे मावत. यूटीएफ-८ मधील देवनागरी नावास ३३ चिन्हांतच ती मर्यादा गाठावी लागे. पुढील प्रमाणित रूपांत ती शिथिल करण्यात आली. झिपमध्ये नावे मूळ आयबीएम संगणकाच्या वर्णसंचात लिहिण्याचा संकेत होता व त्या संचात देवनागरीला स्थानच नव्हते. नाव यूटीएफ-८ मध्ये आहे हे दर्शविणारी खूण झिपच्या वर्णनात २००६ मध्ये समाविष्ट झाली. ती खूण नसलेली जुनी दप्तरे सोडली असता मराठी नावांऐवजी निरर्थक चिन्हांची माळ दिसते. आतील मजकूर शाबूत असूनही कोणती फाइल कोणत्या गावाची हे ओळखता येत नाही. शेकडो दप्तरे एकदम सोडल्यास हा घोटाळा शेकडो पटींनी वाढतो. अशा वेळी मूळ दप्तरे जपून ठेवणे व वर्णसंच निश्चित करून ती पुन्हा सोडणे हाच उपाय असतो.

जतनाच्या दृष्टीने महत्त्व : सरकारी व खाजगी नोंदी संगणकावर साठविण्याचे प्रमाण वाढत गेले, तशी ही दप्तरे हीच पुढील पिढ्यांची कागदपत्रे झाली आहेत. मजकूर-लेखनाच्या आधुनिक फाइलींपैकी अनेक प्रकार अंतर्यामी झिप दप्तरेच असतात. झिपचा एक मर्यादित प्रकार २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकृत झाला. टार, झिप आणि जीझिप यांची वर्णने खुली असल्यामुळे मूळ आज्ञावली उपलब्ध नसली, तरी ती दप्तरे सोडणारी नवी आज्ञावली कोणासही लिहिता येते. ज्यांचे वर्णन त्यांच्या निर्मात्यांनी गुप्त ठेवले, अशा स्वरूपांतील दप्तरांना ही शाश्वती नाही. मोडी लिपी वाचणारे विरळ झाले तेव्हा सुस्थितीतील रुमालही बहुसंख्य वाचकांना अगम्य झाले. संगणकीय दप्तरांचे आयुष्यही त्यांच्या फिती व चकत्या यांच्याइतकेच त्यांच्या स्वरूपाचे ज्ञान टिकण्यावर अवलंबून आहे.